कपाटाच्या आरशावरचा अमोनिया

आमच्या घरात फळा नाही. जन्मभर ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवली, पण घरात खडूची पूड नको म्हणून फळा कधी आणू दिला नाही. त्यामुळे सुनेला शिकवायची वेळ आली तेव्हा तिच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाचा आरसा हाच फळा झाला, आणि इलेक्ट्रॉन म्हणून आम्ही तिच्या टिकल्या वापरल्या. ऐकणाऱ्याला हे चमत्कारिक वाटतं. मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही. टिकल्यांची पाकिटं खणात पडून होती आणि ती लावत नव्हती. टाकून कशाला द्यायची?

पण आधीचं सांगते, नाहीतर काही कळायचं नाही.

माझा मुलगा शिरोलीला एका फौंड्रीत सुपरवायझर होता. एकुलता एक. त्याचे वडील तो अकरावीत असतानाच गेले, त्यामुळे आम्ही दोघंच एकमेकांना धरून होतो. लग्नाला उभा राहिला तेव्हा जयसिंगपूरच्या पुढच्या एका खेड्यातलं स्थळ आलं. मुलगी बारावी सायन्स. बघायला गेलो, पोहे झाले, मी सवयीनं विचारलं, मार्क किती? मुलगी मान वर करून म्हणाली, सगळे विषय सुटलेत, केमिस्ट्री राहिलीया. माझ्या लेकाला चहाचा असा ठसका लागला की तिच्या वडलांना पाठ चोळावी लागली. तिथंच लग्न ठरलं म्हणायला हरकत नाही. पुढं घरात तिची भाजी खारट झाली की हा म्हणायचा, आई, हिला अजून सोडियम क्लोराईडचा अंदाज नाही, हिची री-एक्झाम घे. ती लाटणं उगारायची. असलं हसतंखेळतं घर माझ्या वाट्याला येईल असं मला वाटलं नव्हतं, आणि फार दिवस आलंही नाही.

तो सकाळच्या पाळीला म्हणून गाडीवरून निघाला. ती त्याला दारातून लावून देऊन न्हायला गेली. मी चहा घेत होते, तेवढ्यात फोन आला की हायवेच्या सर्व्हिस रोडला ट्रकनं उडवलंय. मी बाथरूमचं दार बडवलं. ती केसांचं पाणीही न निपटता बाहेर आली आणि तशीच माझ्याबरोबर रिक्षात बसली. दवाखान्यात आयसीयूच्या बाहेर आम्ही बसून राहिलो. तिचे केस ओले, मोकळे, पाठीवरचं ब्लाऊज भिजलेलं. माझ्या ते लक्षातही आलं नाही. एक नर्स आली, वयानं हिच्याएवढीच असेल, तिनं स्वतःच्या केसांचं रबर काढलं आणि हिचे केस बांधून दिले. मग आत नेऊन त्याच्या हातापाशी हिला उभी केली, म्हणाली, बोला त्यांच्याशी, ऐकू येत असेल. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. मी त्याच्यावर यापेक्षा जास्त लिहू शकत नाही.

आता टिकलीचं. मी स्वतः नवरा गेल्यावरही टिकली लावत आलेली बाई आहे. तेव्हा गल्ली बोलली, भावकी बोलली, मी कुणाला भीक घातली नाही. त्यामुळे सुनेच्या बाबतीत मी आधीच कंबर कसली होती. दिवसकार्याला बायका जमल्या तेव्हा उंबऱ्यातच सांगून टाकलं की माझ्या दारात कुणी हिच्या कपाळाला नि बांगड्यांना हात लावायचा नाही, ज्यांना पटत नसेल त्यांनी चहा पिऊन निघावं. कुणी हात लावला नाही. पण लावायला काही उरलंच नव्हतं. कपाळ मोकळंच होतं, दवाखान्यातल्या पहिल्या दिवसापासून. वाटलं, दुःखाचे दिवस आहेत, लावील नंतर. नंतरही लावली नाही. एकदा मी चिडून म्हटलंसुद्धा, अगं मी म्हातारी लावते, तुला काय झालंय? ती गवारीच्या शिरा काढत बसली होती, काढत राहिली. मी मनात म्हटलं, खेड्यातली पोर, डोक्यात भरवलेलं निघत नाही. किती सहज आपण दुसऱ्याचं ठरवून टाकतो.

पहिलं मासिक श्राद्ध झालं आणि तिचे वडील तिला न्यायला आले. भला माणूस, पण त्यांच्या बोलण्यात दुसऱ्या स्थळाचा वास होता. ती त्यांच्यासमोरच मला म्हणाली, "आत्ती, मला नर्सिंगला जायचंय." आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. मी त्या रबर देणाऱ्या नर्सचा विचार केला आणि काही विचारलं नाही. तिच्या वडलांना सांगितलं, पोरगी इथंच राहील, केमिस्ट्री सोडवेल, मग पुढचं बघू. ते गेले.

मग मी एकटी बसून सरळ हिशेब केला. ती पास झाली तर मिरजेला कोर्स, हॉस्टेल, मग नोकरी कुठं लागेल तिथं. म्हणजे माझ्या शिकवण्यानं ती या घरातून जाणार. नापास झाली तर राहील. मला ती जायला नको होती, हे स्पष्टच लिहिते. त्याला चहात आलं किती लागायचं, हाक मारताना तो 'आई'मधला 'आ' किती लांबवायचा, हे ठाऊक असलेलं दुसरं माणूस मला जगात उरलं नव्हतं. मी मुद्दाम वाईट शिकवू शकले असते का? नसते. वाईट शिकवणं मला जमत नाही, तेवढी एकच गोष्ट माझ्यात धड आहे.

परीक्षा बारावीची, पण मी तिला अकरावीच्या पायावर नेऊन बसवली. ज्याला इलेक्ट्रॉनच्या जोड्या मांडता येत नाहीत त्याला पुढचं काहीही येत नाही, नुसतं पाठ होतं, आणि पाठ केलेलं परीक्षेच्या दारात सांडतं. वहीवर मांडायला लावलं. पेननं ठिपके काढायची, ठिपके एकमेकांत घुसायचे, खोडायची, कागद फाटायचा. कुठला इलेक्ट्रॉन कुणाचा, काही पत्ता लागेना. डोळ्यांत पाणी यायचं तिच्या, आणि मला राग यायचा. एका दुपारी खोडरबर शोधायला मी तिच्या टेबलाचा खण उघडला आणि टिकल्यांची पाकिटं दिसली. संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वाणात मिळालेली, न उघडलेली, लाल, हिरवी, काळी. मी पाकिटं घेतली, स्केचपेननं आरशावर मोठा एच लिहिला, शेजारी सीएल, आणि म्हटलं, हायड्रोजनचा एक, तो लाल. क्लोरीनचे बाहेरचे सात, ते हिरवे. लाव.

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, चिडेल, रडेल. पण तिनं नखानं एक लाल टिकली उचलली आणि एचच्या शेजारी चिकटवली. मग हिरव्या सात. मी सांगितलं, हायड्रोजनला दोन पायजेत, क्लोरीनला आठ. कुणी कुणाला देत नाही, दोघं एकेक मध्ये ठेवतात, आणि मधली जोडी दोघांचीही मोजायची. तिनं लाल आणि हिरवी जवळजवळ सरकवली. बोटानं मोजलं, इकडून दोन, तिकडून आठ. पुन्हा मोजलं. आणि म्हणाली, एवढंच व्हय? मी म्हटलं, एवढंच. बारावीला तिला हे कुणीतरी असं सांगितलं असतं तर ती केमिस्ट्रीत राहिली नसती. मग मात्र आमच्या घरी आली नसती, हेही खरं.

त्या दिवसापासून दुपारची भांडी आवरली की आम्ही आरशापुढं. मी पलंगावर बसून सांगायची, माझे गुडघे गेलेत, ती उभी राहून लावायची. पाणी आलं, मिथेन आला. रोज जुने रेणू काढायचे नाहीत असं मी ठरवलं, डोळ्यांपुढं राहिलं की डोक्यात राहतं. आरसा भरत गेला. केस विंचरायला तिला वाकून मिथेनच्या खालून बघावं लागायचं.

अमोनियाशी मात्र गाडी अडली. नायट्रोजनचे पाच, तीन हायड्रोजनचे तीन. तिनं तीन जोड्या झकास लावल्या. मी म्हटलं, नायट्रोजनच्या पाचांतले दोन कुठं गेले? तर म्हणाली, "उरल्या त्या, आत्ती. पाकिटात परत ठिवल्या."

मला हसावं का कपाळ बडवावं कळेना. पाण्यातही तिनं ऑक्सिजनच्या चार टिकल्या अशाच हळूच परत ठेवल्या होत्या आणि माझ्या चष्म्याला ते दिसलं नव्हतं. एवढी वर्षं शिकवलं, कॉलेजातली पोरं बंधात न गुंतलेली जोडी विसरतात, आळशीपणानं गाळतात. पण काटकसर म्हणून लोन पेअर पाकिटात परत ठेवणारी ही एकच. आमच्याकडच्या बायकांचा हातच तो, उरलेलं झाकून ठेवायचं. मी तिला ओरडले. उरलेली म्हणजे फालतू नव्हे, म्हटलं. ती जोडी तिथंच असते, कुणाशी जोडलेली नसली तरी जागा धरून बसते, बाकीच्या तिघांना खाली रेटते, आणि म्हणून अमोनिया सपाट नसतो. ती दिसली नाही तर तुला आकार कधी कळायचा नाही. तिनं विचारलं, कुणाशी जोडलेली न्हाई तरी? मी म्हटलं, तरी. तिनं पाकीट उघडून दोन हिरव्या टिकल्या काढल्या आणि नायट्रोजनच्या डोक्यावर लावल्या. 

इथं कुणीतरी एकाकी जोडीवरून विधवेचं तत्त्वज्ञान काढील. रेणूंमधून आयुष्याचे धडे काढणाऱ्या माणसांची मला भारी चीड आहे, स्टाफरूममध्ये असले दोघं होते. नायट्रोजनला दुःख होत नाही. आम्हाला होत होतं, म्हणून आम्ही नायट्रोजन शिकत होतो, बास.

कार्बन डायऑक्साईडच्या दिवशी पाकिटं संपत आली. कार्बनचे चार, दोन्ही ऑक्सिजनचे सहा सहा, सगळे मिळून सोळा. तिनं कार्बनच्या दोन्ही बाजूंना दोन दोन जोड्या लावल्या, मी न सांगता ऑक्सिजनच्या मोकळ्या जोड्या लावायला घेतल्या, आणि शेवटी एक टिकली कमी पडली. खण उलटा केला, पाकिटं झटकली, नाही. आरशाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात एक मरून रंगाची टिकली होती. सगळ्या रेणूंपासून लांब, एकटी. मला वाटलं, कधीतरी चुकून लागलेली. मी पलंगावरून उठले, म्हटलं, ही घे की, आणि ती काढायला हात वर केला.

तिनं माझं मनगट धरलं. घट्ट, दुखेल इतकं. या पोरीनं लग्न होऊन आल्यापासून माझ्यापुढं आवाजसुद्धा चढवला नव्हता.

"ती न्हाई घ्यायची," ती म्हणाली. "त्या दिवशीची हाय ती. न्हायला जाताना काढून ठिवलेली."

मी हात खाली घेतला. ती मनगट सोडायला विसरली होती. मग म्हणाली, "वाकडी लागलीती. दारातनं जाताना त्यांनी अंगठ्यानं सरळ केलती."

तर हे होतं. कुणी तिच्या डोक्यात काही भरवलं नव्हतं, ती कुणाला भीतही नव्हती. रोज न्हायच्या आधी काढून आरशाला लावायची आणि आल्यावर तीच पुन्हा कपाळावर, अशी तिची सवय. त्या दिवशी न्हाऊन आल्यावर ती परत लागलीच नाही. ती लावल्याशिवाय दुसरी कशी लावायची, आणि ती लावायची तर त्याचा अंगठा लागलेली ती रोज काढघाल करून झिजवायची. एवढंच होतं, आणि मी तिला म्हातारीचं उदाहरण देत होते. मी पलंगावर बसले आणि त्याच्या जाण्यानंतर पहिल्यांदा तिच्यादेखत मोठ्यानं रडले. ती रडली नाही. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, नर्ससारखा. मग स्केचपेन घेऊन सोळावा इलेक्ट्रॉन म्हणून एक काळा ठिपका काढला. गोल, नीट भरलेला. रेणू पुरा झाला.

त्या दिवसापासून मीही त्या कोपऱ्याकडं बघायला लागले. ती भाजीला गेली की मी त्या खोलीत जायची आणि आरशापुढं उभी राहायची. माझ्या लेकानं या घरात शेवटचा हात लावलेली वस्तू ती होती. त्याची गाडी भंगारात गेली, डबा चेपला, घड्याळ दवाखान्यातून आलं ते बंदच. टिकली मात्र त्या अंगठ्याखालची. हात लावायचा धीर मला झाला नाही.

परीक्षेच्या आधी माझी नणंद हातकणंगल्याहून शेंगा घेऊन आली. केस सारखे करायला खोलीत गेली आणि तोंड पाडून बाहेर आली. मला न्हाणीपाशी ओढून कुजबुजली, पोरगी एकटीच बसून टिकल्या लावून बघतीया काय गं, आरसा भरलाय नुसता. मी म्हटलं, वन्सं, तो कार्बन डायऑक्साईड आहे. शेजारी अमोनिया आहे, त्याच्या डोक्यावरची जोडी बघा, नीट लावलीय की नाही. वन्सं माझ्याकडं मी खुळावल्यासारखं बघायला लागली. मग सगळं समजावून सांगितलं. तिला रेणू काही कळला नाही, पण बाकीचं तिला माझ्याआधी कळलं. शेंगांची पिशवी रिकामी करता करता म्हणाली, "शिकवून धाडशील वैनी. मग तू काय करणार?"

मी म्हटलं, माझं मी बघीन. आवाज नको तेवढा चढला. वन्संनी शेंगा भाजायला घेतल्या.

ती पास झाली. नुसती नव्हे, आधी सुटलेल्या सगळ्या विषयांपेक्षा केमिस्ट्रीत जास्त मार्क घेऊन. निकाल मोबाईलवर बघितला, मला दाखवला, माझ्या पाया पडली आणि त्याच्या फोटोपुढं जाऊन उभी राहिली. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण तो असता तर काय म्हणाला असता ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. मिरजेला कोर्सला जागा मिळाली. मी तिच्यासाठी पांढरे बूट आणले, शेंगदाण्याची चटणी कुटली, मेतकूट केलं. एकेक डबा भरताना मी झाकणं घट्ट बसतायत का तेवढंच बघत होते.

स्टँडवर बसपाशी ती वाकली. मी नीट राहा, जेवत जा, असलं सगळ्या आया बोलतात तेच बोलले. कपाळ मोकळंच होतं. वाटलं होतं, आज तरी लावील. बस हायवेकडं, तावडे हॉटेलच्या बाजूला वळेपर्यंत उभी राहिले, मग रिक्षा करून घरी आले.

घरी आल्यावर चप्पलसुद्धा न काढता मी तिच्या खोलीत गेले. आरसा लख्ख होता. एकही टिकली नव्हती, एकही अक्षर नव्हतं. जाण्याआधी तिनं ओल्या वर्तमानपत्रानं सगळा आरसा पुसून काढला होता. खोली आवरून ठेवून जायचं, आपली घाण दुसऱ्याला काढायला लावायची नाही, हे वळण तिला तिच्या आईनं लावलं होतं आणि मी त्याचं चारचौघांत कौतुक केलं होतं.  मी कचऱ्याचा डबा पालथा केला. कागदाचे बोळे निघाले, त्यांना चिकटलेल्या लाल, हिरव्या, काळ्या टिकल्या निघाल्या. मी फरशीवर बसून एकेक बोळा उलगडला. मरून टिकली नव्हती.

फोन केला. बस हातकणंगल्याच्या पुढं गेली होती, खिडकीचा वारा ऐकू येत होता. मी कशी आहेस, जागा मिळाली का, काही विचारलं नाही.

"कोपऱ्यातली टिकली?" मी म्हटलं.

"माझ्यापाशी हाय, आत्ती. मोबाईलच्या कव्हरात."

 मग अगदी हळू म्हणाली, "तुम्हास्नी पायजे होती काय?"

हो, पाहिजे होती. मी त्याला पोटात वाढवला, अंगठा चोखायची सवय मोडली तोही हाच अंगठा, आणि त्या अंगठ्याची एवढीशी खूण मला हवी होती. ती मागितली असती तर या पोरीनं पुढच्या स्टॉपला उतरून, उलटी बस धरून, आणून दिली असती. मला तिचा स्वभाव माहीत आहे.

"नको," मी म्हटलं. "तुझीच हाय ती. जपून ठेव."

फोन ठेवून मी आरशापाशी गेले आणि त्या वरच्या कोपऱ्यात बोट लावलं. टिकलीएवढा गोल डाग राहिला होता. तेवढा तिनं पुसला नव्हता, का पुसूनही निघाला नव्हता, कोण जाणे. गोंद अजून थोडा चिकट लागत होता.

आता मी रोज तो आरसा पुसते. तेवढा कोपरा सोडून.